आघाड्याचा क्षार

"सुनेनं उभं केलं की हो तुम्हाला! लेक काय, परीक्षाच देत बसली."

ओट्यावरून हे वाक्य आत आलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि मी दाराच्या पडद्यामागे उभी होते. बोलणारे काका पप्पांचे दूध संघातले जुने सोबती. आयुष्य दूध संकलन केंद्राच्या गोंगाटात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. पप्पा यावर काय म्हणतात ते ऐकायला मी तिथेच थांबले.

पप्पा हसले. "ती हुशार आहे हो," ते म्हणाले. "पण तिचं सगळं इंग्लिशमध्ये चालतं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"बरं, औषधाचं नाव तरी सांगा. माझंबी बीपी वाढलंय."

"नाव विचारायचं नसतं. नाव घेतलं की गुण जातो."

हे पप्पांच्या तोंडचं वाक्य होतं. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं दुधात किती फॅट आणि किती पाणी याच्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, तो माणूस आता नाव घेतल्याने गुण जातो म्हणत होता. मी पडदा सारून बाहेर गेले. काकांनी कप उचलला आणि म्हणाले, "या मॅडम. किती राहिलं शिक्षण?"

"एक सेमिस्टर."

"आणि आमच्या डॉक्टरीणबाई कुठं हायेत?"

"वहिनी मागे आहेत," मी म्हणाले आणि आत आले. माझं बोलणं नेहमी एवढंच असतं. बाहेरचे लोक त्याला शिष्टपणा म्हणतात, मम्मी लाजाळूपणा म्हणते.

पप्पा संगमनेरच्या एका दूध संघात टेस्टर होते. मी शाळेत असताना सुट्टीत ते मला सोबत नेत. प्रयोगशाळेत एक उंच स्टूल होतं, त्यावर मी बसायचे. ॲसिडचा वास, फिरणारं यंत्र, थंड फरशी. लॅक्टोमीटर दुधात सोडला की तो खाली-वर होत राहतो. त्याला बोट लावायचं नाही, आपणहून थांबू द्यायचं, हे त्यांनी मला शिकवलं. तो थांबला की ते विचारत, "किती?" मी आकडा सांगायचे आणि ते तो तसाच लिहून घेत. पुन्हा वाकून बघत नसत. बाकी सगळ्यांचे आकडे ते तपासायचे, माझा नाही. मला रसायनशास्त्राची गोडी कुठून लागली असं मुलाखतीत विचारलं की मी भलतंच काहीतरी सांगते. खरं उत्तर हे आहे.

त्यांनीच मला इंग्लिश मीडियमला घातलं. त्या शाळेत मी गप्प असायचे, आणि घरी आल्यावर माझं मराठी ऐकून चुलत भावंडं हसायची म्हणून घरीही गप्प राहू लागले. वहिनी लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "ताईंचं मराठी बातम्या दिल्यावानी हाय. आता हवामान सांगतील असं वाटतं." सगळे हसले. पप्पा सर्वांत जास्त हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी विसरले नाही. तसं मी वहिनींचं कुठलंच वाक्य विसरत नाही.

वहिनी काष्टीजवळच्या एका खेड्यातल्या. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दादा चाकणला कंपनीत आहे, शनिवार-रविवार घरी येतो. दोघांनी तिकडे खोली घ्यायची ठरली होती, पण गेल्या वर्षी गणपतीनंतर पप्पांना हार्ट अटॅक आला आणि वहिनी इथेच राहिल्या. नाशिकला नेलं, स्टेंट टाकली, पप्पा वाचले. पण हृदयाचं पंपिंग कमी झालं. पायावर सूज यायची, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं आणि निघताना एक गोष्ट मुद्दाम सांगितली: बाजारात हृदयविकारवाल्यांसाठी म्हणून वेगळं मीठ मिळतं, ते आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि यांची एक गोळी अंगातलं पोटॅशियम धरून ठेवणारी आहे. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे ऐकायला दादा, वहिनी आणि मी, तिघंही होतो. दादा म्हणाला, "नाही आणणार." आणि खरंच कुणी आणलं नाही.

वहिनींच्या माहेरी त्यांची आत्या झाडपाल्याचं औषध देते. बाजारच्या दिवशी त्यांच्या दारात माणसं बसलेली असतात. पैसे घेत नाहीत, आणि काय दिलं त्याचं नाव सांगत नाहीत. घेणाऱ्यानेही विचारायचं नाही. वहिनी हे सगळं बघत मोठ्या झाल्या. पप्पा नाशिकहून घरी आले त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या घरात दोन औषधं सुरू झाली आणि नावं घ्यायची नसल्यामुळे त्यांना दोन टोपणनावं मिळाली. एक 'नदीचं' आणि एक 'पांढरं'.

नदीचं म्हणजे अर्जुनाची साल, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. प्रवरेच्या काठाला ही झाडं आहेत, गुळगुळीत फिकट खोडाची. सालीची भुकटी दुधात आणि पाण्यात टाकून पाणी आटेपर्यंत उकळायची आणि गाळून ते दूध प्यायचं. वहिनी रोज सकाळी ते दूध पितळी पेल्यात घालून पप्पांना देत. पेला देताना पदर सावरत, पप्पांचं पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहत आणि रिकामा पेला हातात आला की विचारत, "मामा, आज कसं वाटतंय?" पप्पा खरंच सांगत. रात्री झोप कशी लागली, डाव्या कुशीवर झोपवलं का, कितीदा उठावं लागलं. मी कॉलेजला जायच्या तयारीत त्याच खोलीतून ये-जा करायचे. मीही एक-दोनदा विचारून पाहिलं, "पप्पा, कसं आहे?" ते म्हणाले, "मस्त. तुला उशीर होतोय, जा."

माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा विषय होता हृदयविकारावर पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींमधली खनिजं. अर्जुन, शेवगा, लसूण, पुनर्नवा आणि बेल. वाळवायचं, जाळून राख करायची, राख ॲसिडमध्ये विरघळवायची आणि त्यात सोडियम किती, पोटॅशियम किती, कॅल्शियम किती ते मोजायचं. गाईडने मला वेगळा विषय सुचवला होता. हा मी हट्टाने घेतला, पप्पांसाठी घेतला, आणि पप्पांसाठी घेतला हे पप्पांना सांगितलं नाही. त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही.

सालीचा नमुना लागणार होता तेव्हा मात्र मी बोलले. पप्पा म्हणाले, "रविवारी सकाळी जाऊ आपण दोघं. घाटाच्या पुढं एक जुनं झाड आहे, मला माहीत आहे." मी चाकू, कागदी पिशव्या, नमुन्यांना लावायच्या चिठ्ठ्या सगळं तयार ठेवलं. शनिवारी दुपारी कॉलेजहून आले तर मागच्या पडवीत वर्तमानपत्रावर साल वाळत घातलेली. लांब लांब तुकडे, आतून लालसर, सगळे एकाच रुंदीचे काढलेले.

"सकाळी जरा बरं वाटत होतं, म्हणून जाऊनच आलो सूनबाईच्या स्कूटीवर," पप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन लागल्याची तकतकी होती. "तुझ्यासाठी पण आणली की."

माझा वाटा खुंटीला एका प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला होता.

"ताई, मामा लई भारी चढनीवर चालले," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं बसा, तर म्हनत्यात झाड तुला कसं ओळखू येनार! मला! झाड!" आणि दोघं हसले. झाड दाखवण्याची गोष्ट त्यांच्यात विनोद होऊन बसली होती. मी पिशवी खुंटीवरून काढली आणि खोलीत गेले.

त्या सालीची राख मी फार मन लावून केली. भट्टीतून बाहेर काढली तेव्हा ती अगदी पांढरी झाली होती. यंत्रावर रीडिंग घेताना माझ्या मनात काय होतं ते मला नीट माहीत होतं. काहीतरी वाईट निघावं. एखादा आकडा असा यावा की तो घेऊन मी घरी जाईन आणि पितळी पेला बंद होईल. आकडे आले ते असे: कॅल्शियम भरपूर, पोटॅशियम बेताचं, सोडियम नावाला. रोजच्या जेवणातल्या एखाद्या भाजीहून निरुपद्रवी. गाईड म्हणाले, "वा, स्वच्छ काम आहे." मी थँक यू म्हणाले आणि दिवसभर माझं डोकं दुखत राहिलं.

पांढऱ्याचं मला सुरुवातीला काही कळलं नव्हतं, कारण ते घरी यायचं तेच कागदाच्या पुडीत, काष्टीहून. ते संपलं तेव्हा वहिनींनी घरीच केलं. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये आघाडा माजलेला असतो. पावसाळ्यात गणपतीच्या पत्रीला लागतो तोच. थंडीत तो वाळून काटक्या होतात आणि जाता-येता कपड्यांना बिया चिकटतात. वहिनींनी तो मुळासकट उपटून घमेल्यात जाळला. राख रात्रभर पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पातळ धोतराच्या फडक्यातून ती गाळायला बसल्या, आणि शेजारी खुर्ची टाकून, अंगावर शाल घेऊन पप्पा.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. फडक्याची दोन टोकं वहिनींच्या हातात होती, दोन पप्पांच्या. पाणी गाळलं, पुन्हा ओतलं, पुन्हा गाळलं. पप्पा वाकून पातेल्यात बघत होते. "अजून नाही. अजून गढूळ आहे. आता बघ, आता निवळ झालं." हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. प्रयोगशाळेत ते याच आवाजात बोलायचे. मग ते पाणी चुलीवर आटवलं. तळाशी पांढरी खरड जमली. वहिनींनी ती उलथन्याने काढून काचेच्या बरणीत भरली आणि बरणी उजेडात धरून पप्पांना दाखवली.

आम्ही दोघी राखच करत होतो. त्या घमेल्यात, मी भट्टीत. माझ्या राखेशेजारी कुणी खुर्ची टाकून बसत नाही, एवढाच फरक मला त्या दिवशी दिसला. दुसरा फरक दिसायला हवा होता, तो दिसायला अजून काही आठवडे लागले.

त्या दिवसांत पप्पांच्या जेवणाची तक्रार बंद झाली. आधी ते बिनमिठाची भाजी बाजूला सारत, मम्मीवर चिडत. मम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दमून आलेली असते, ती म्हणायची, "मग मीच खाते बिनमिठाचं, तुम्ही माझं खा." आणि आता ते वाटी पुसून खात. मम्मी म्हणाली, "बघ, झाली सवय." पायाची सूजही उतरली होती. वहिनींनी पप्पांच्या घोट्यावर अंगठा दाबून दाखवला, खळगा पडला नाही. मम्मीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मी ताट घेऊन आत गेले.

मग मार्च लागला. एका दुपारी मी कॉलेजहून लवकर आले. भूक लागली होती म्हणून गॅसवरच्या लहान पातेल्यातली दोडक्याची भाजी वाटीत घेतली. ते पप्पांचं पातेलं होतं हे पहिल्या घासानंतर लक्षात आलं. भाजी खारट होती. पण मिठाची खारट नाही. मागून कडवट आणि जिभेला बुळबुळीत, जशी पापडखार जास्त झालेल्या लाटीची चव लागते.

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ धान्य निवडत होत्या. मी विचारलं, "वहिनी, पप्पांच्या भाजीत मीठ आहे का?"

"न्हाई ओ ताई. मीठ कसं घालीन मी?"

"खारट लागतेय."

त्या हसल्या. "ते पांढरं हाय. मामा जेवतच नव्हते, बघितलं ना तुमी? आत्या म्हनली, मधात चाटवन्यापरीस जेवनातच दे. सूजबी उतरती, तोंडाला चवबी येती. मीठ न्हाई ते, औषध हाय."

"किती घालता?"

"चिमटीनं. दोन्ही येळंला. कवा कवा ताकातबी." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "का ओ?"

"काही नाही."

"तुमी नका खाऊ हां त्यातलं. मामांचं हाय ते."

हे त्यांनी काळजीने सांगितलं. मला मात्र ऐकू आलं ते एवढंच की मामांचं म्हणजे माझं नाही.

त्या अंगणात गेल्यावर मी बरणीतून चमचाभर पांढरं कागदात बांधून घेतलं. थोडं बशीत टाकून वर लिंबू पिळलं. फसफसलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तारेच्या टोकावर घेऊन ज्योतीत धरलं आणि निळ्या काचेतून पाहिलं. जांभळट, फिकट ज्योत. अकरावीच्या मुलांनाही हा रंग पाठ असतो. मग यंत्रावर लावलं, तर रीडिंग पट्टीच्या बाहेर गेलं. द्रावण पातळ केलं, तरी बाहेर. पुन्हा पातळ केलं तेव्हा कुठे आकडा दिसला. ते पांढरं जवळजवळ सगळं पोटॅशियमचंच मीठ होतं. दुसरा फरक हा होता: माझी राख मोजली जात होती, त्यांची पप्पांच्या पोटात जात होती. नाशिकच्या डॉक्टरांनी जे मीठ आणू नका म्हणून सांगितलं होतं ते आमच्या घरात कुणी आणलं नव्हतं. ते घरीच तयार झालं होतं, फडक्याची दोन टोकं पप्पांनी धरून.

आकडा बघून मला काय वाटलं? भीती वाटली. पण भीतीच्या आधी, अगदी एक क्षण, आनंद झाला. तो आनंद मी स्वतःशी इतका स्पष्ट ओळखला की पुढचे काही तास त्या आकड्यावरचाच माझा विश्वास उडाला. मी मोजणी पहिल्यापासून पुन्हा केली. तार धुतली, नवं द्रावण केलं. तेच आलं.

घरी आले तर पप्पा ओट्याच्या पायरीवर बसले होते. "पायात जीवच नाही बघ आज," म्हणाले. "उन्हाळा लागला वाटतं." मी त्यांना धरून उठवलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर जड पडला होता. आत वहिनींनी लगेच उशी ठेवली, पंखा वाढवला, आणि पप्पांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून वहिनींच्या हातात दिला.

शनिवार असल्यामुळे दादा त्या संध्याकाळी येणारच होता, तो बसमध्ये असतानाच मी त्याला फोन केला. "दादा, वहिनी पप्पांना जे पांढरं देतात ना…"

"झालं तुझं सुरू?"

"ऐक तरी. मी ते लॅबमध्ये तपासलंय."

"तू तिचं औषध लॅबमध्ये नेलंस? तिला न विचारता?" बसमधला कंडक्टर ओरडत होता, त्याच्यावर दादा ओरडला. "अगं, ती माझ्याकडे यायचं सोडून तुमच्यात राहिलीय. सूज उतरली का नाही पप्पांची? तुला तिचं काहीच चालत नाही. लग्नाच्या एका फोटोत तू हसलेली नाहीस, बघ काढून."

"त्याचा काय संबंध?"

"जेलस आहेस तू. बाकी काही नाही." फोन कट झाला. कदाचित रेंज गेली असेल.

मी खोलीत बसून राहिले. अडचण अशी होती की माझं म्हणणं खरं होतं आणि दादाचंही खरं होतं. दुसऱ्या कुणी हा आकडा आणला असता तर तो नुसता आकडा ठरला असता. मी आणला की तो वहिनींच्या विरुद्धचा आकडा होणार. बरणी उचलून गटारात ओतावी असंही मनात आलं. पण आघाडा प्लॉटभर उभा होता, आणि बरणी कुणी ओतली हे सांगायला कुणाला फार विचार करावा लागला नसता. वहिनींना एकटं गाठून समजावता आलं असतं. ते मी मनात बोलून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या आवाजात एक धार ऐकू आली. ती काढता येईना.

दादा सातला पोचला. आठला आम्ही जेवायला बसलो. खाली सतरंजी टाकून, पप्पा एकटे खुर्चीवर, समोर स्टूल. मम्मी भाकऱ्या वाढत होती. पप्पांच्या पायावर पुन्हा थोडी सूज दिसत होती. ते म्हणाले, "आज छातीत मधूनच धडधडतंय. एक ठोका चुकल्यासारखा होतो, मग पुढचा जोरात."

"दगदग झाली असंल," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वाकून घोट्याकडे पाहिलं. "मामा, सूज परत आलीय. आज पांढरं जरा जास्त घालते." आणि त्या बरणी घेऊन आल्या. पप्पांच्या वाटीत एक चिमूट टाकली, मग दुसरी.

"नका घालू," मी म्हणाले. माझा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. मम्मी दादाला विचारत होती, चाकणला पाणी येतं का.

"पप्पा, ती भाजी खाऊ नका."

हे ऐकू गेलं. दादाने भाकरी ताटात ठेवली. "झालं," तो म्हणाला.

"का गं?" पप्पांनी विचारलं.

"तो आघाड्याचा क्षार आहे."

"अगंबाई, ताई!" वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "नाव घेतलं तुमी!"

"त्यात पोटॅशियम आहे," मी म्हणाले. माझं बातम्यांचं मराठी सुरू झालं होतं आणि ते मला थांबवता येत नव्हतं. "जवळजवळ तेच आहे. डॉक्टरांनी जे मीठ नको म्हणून सांगितलं, त्यात जे असतं ते. तुमची गोळी ते अंगात साठवते. पायातला जीव उन्हाने गेला नाही. धडधड त्यानेच होत असेल. नदीचं चालेल, ते मी तपासलंय, ते चांगलं आहे. हे नको."

"जेवताना काय हे," मम्मी पुटपुटली. पण तिने वाढायचं थांबवलं होतं.

"मीठ वेगळं, झाडपाला वेगळा," दादा म्हणाला. "पप्पा, तुम्ही जेवा. तिला हिचं काही बघवत नाही, सहा महिने बघतोय मी."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "माझ्या आत्याच्या हातनं आजपत्तूर कुनाला काय झालं न्हाई. मामा, तुमी सांगा. मी तुमचं वाईट करीन का?"

"नाही गं पोरी," पप्पा म्हणाले. ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. त्यांना दोघींपैकी एकीला दुखवायचं होतं आणि कुणाला दुखवलं तर घरात कमी आवाज होईल हे त्यांना माहीत होतं. मी त्यांची मुलगी आहे, मला तो हिशेब दिसला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वाटीत बुडवला.

मी उठले. स्टुलाजवळ गेले आणि त्यांचं मनगट धरलं. माझ्या बोटांखाली त्यांची नाडी लागत होती, एक, एक, मग काहीच नाही, मग एक.

"दादा खरं बोलतोय," मी म्हणाले. "मला वहिनींचा हेवा वाटतो. त्या आल्या तेव्हापासून वाटतो आणि उद्याही वाटेल. त्यांनी तुमचं वाईट केलेलं नाही, आणि मी हे हेव्यापायी सांगत नाही. तो घास खाली ठेवा, पप्पा. वहिनी, ती बरणी बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला लागेल. दादा, रिक्षा बोलाव, आपण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जातोय."